कोणती झोप, किती वाजता? मिरगी आणि झोपेचं नातं प्राण्यांच्या प्रयोगांतून

मिरगीच्या रुग्णाला ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखासाठी, पाठवताना डॉक्टर अनेकदा सांगतात, आदल्या रात्री फार झोपू नका. बारा वाजता झोपा, पहाटे चारला उठा. त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलेलं असतं, जागरण कटाक्षाने टाळा. गडचिरोली किंवा भंडाऱ्याहून रात्रीच्या एसटीने नागपूरच्या मेडिकलला आलेल्या घरच्यांना या दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पहिली सूचना झटक्याच्या खुणा पकडण्यासाठी असते आणि दुसरी झटका टाळण्यासाठी. जागरणाने मेंदू चिथावला जातो. मग ईईजीच्या टेबलावर डुलकी लागली की एरवी दडून बसलेल्या खुणा आलेखावर उमटतात.

पण यातून एक खरा पेच उभा राहतो. झोप मिळाली नाही तर झटके वाढतात, आणि झोपेतही झटके येतात. मग झोप मिरगीची मैत्रीण की वैरीण? आज या प्रश्नाचं जे उत्तर आपल्याकडे आहे, त्याचा मोठा भाग मांजरं आणि उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेला आहे. थोडक्यात सांगायचं तर प्रश्नच अपुरा आहे. झोप ही एकच अवस्था नाही, त्यामुळे "झोपेचा मिरगीवर परिणाम" असं मोघम बोलून चालत नाही. कोणती झोप आणि घड्याळात किती वाजता, हे विचारल्याशिवाय मिरगीवरचा कुठलाही प्रयोग नीट वाचता येत नाही, आणि रुग्णाची हकिगतही नीट ऐकता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 5 कोटी लोकांना मिरगी आहे आणि त्यातले जवळपास 80 टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. झटक्यांना वेळापत्रक असतं, हे वैद्यांना फार पूर्वीपासून दिसत होतं. लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी 1885 मध्ये रुग्णांची विभागणी केली : काहींना फक्त दिवसा झटके येतात, काहींना फक्त रात्री, काहींना केव्हाही. फक्त रात्रीचे साधारण एक पंचमांश निघाले. तेव्हा मेंदूतली वीज मोजायची सोयच नव्हती. हान्स बर्गर यांनी माणसाचा ईईजी प्रसिद्ध केला तो 1929 मध्ये. 2001 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या एखाद्या भागातून सुरू होणारी मिरगी असलेल्या 133 रुग्णांचे 613 झटके ईईजीसह टिपले होते. त्यातले 43 टक्के झोपेत सुरू झाले होते, आणि रेम झोपेत एकही नाही.

रेम म्हणजे डोळे पापण्यांखाली झरझर हलतात, आणि ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात ती झोप. बाकीची सगळी झोप, डुलकीपासून गाढ झोपेपर्यंत, नॉन-रेम. माणसात दोन्हींचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं असतं. नॉन-रेममध्ये मेंदूच्या पृष्ठभागातल्या लाखो चेतापेशी एकाच लयीत चालू-बंद होतात, म्हणून आलेखावर उंच आणि संथ लाटा दिसतात. जागेपणी आणि रेममध्ये या पेशी आपापल्या वेळेने बोलतात, म्हणून लाटा बुटक्या आणि घाईच्या. ढोल पथकात सगळे एका ठोक्यावर असताना एकाचा हात चुकला तर तो चुकीचा ठोकाही अख्ख्या पथकात पसरतो. सराव संपल्यावर जो तो आपला ढोल बडवत बसला असेल तर कुणाचं कुणाला ऐकूच जात नाही. मिरगीचा झटका म्हणजे चेतापेशींनी एकदम आणि बेसुमार वाजणं. नॉन-रेमची लय त्याला आयती मिळते.

हे सांगायला सोपं आहे. सिद्ध करायला मात्र जिवंत मेंदूच्या आत तारा घालाव्या लागल्या.

उंदराची झोप मोजायची कशी

प्रयोगशाळेत दोन प्रकारचे उंदीर असतात. रॅट म्हणजे अडीचशे-तीनशे ग्रॅमचा मोठा, माऊस म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅमचा चिमुकला. दोघंही निशाचर, दिवे लागलेले असताना जास्त झोपतात, अंधारात जास्त फिरतात. झोप सलग घेत नाहीत, तुकड्यातुकड्यांत घेतात, आणि रॅटचं नॉन-रेम ते रेम हे चक्र दहा-बारा मिनिटांतच उरकतं. उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन पडला म्हणजे झोपला, असं डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यामुळे मेंदूचा आणि मानेच्या स्नायूचा असे दोन आलेख एकाच वेळी घ्यावे लागतात.

रॅटला आयसोफ्लुरेनची भूल देऊन त्याचं डोकं स्टीरिओटॅक्सिक चौकटीत कानाच्या दांड्यांनी पक्कं करतात. मधोमध चीर देऊन कवटीचं हाड उघडं करतात, वरचा पातळ पडदा खरवडून हाड कोरडं करतात. कवटीचे सांधे जिथे मिळतात तो ब्रेग्मा हा मोजमापाचा शून्य बिंदू. तिथून अंतर मोजून बारीक ड्रिलने भोकं पाडतात आणि स्टेनलेस स्टीलचे इवलेसे स्क्रू मेंदूच्या आवरणाला जेमतेम टेकतील इतकेच फिरवतात : पुढच्या भागावर एक, बाजूच्या भागावर एक, आणि लहान मेंदूवर एक संदर्भासाठी. हिप्पोकॅम्पस (आठवणींशी निगडित भाग) किंवा अमिग्डाला (भीती-भावनांशी निगडित भाग) अशा खोल जागी शिरायचं असेल तर तिथे बारीक तार उतरवतात. मानेच्या स्नायूत दोन लवचीक तारा. सगळं डेंटल सिमेंटच्या टोपीत बंद. वेदनाशामक देऊन सात ते दहा दिवस विश्रांती, नंतर दोन-तीन दिवस केबलची सवय, आणि मग व्हिडिओसह चोवीस तास नोंद. केबल वर फिरत्या जोडणीतून जाते, नाहीतर उंदराने चार गिरक्या घेतल्या की तिला पीळ बसतो.

नंतर नोंदीचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे पाडून एकेकावर शिक्का मारतात. उंच लाटा, सेकंदाला 4 पेक्षा कमी, आणि स्नायू शांत, तर नॉन-रेम. सेकंदाला 6 ते 9 अशा एकसारख्या लाटा आणि स्नायूची रेघ जवळपास सपाट, तर रेम. बुटक्या लाटा आणि स्नायू सळसळता, तर जाग.

बिघडतं कुठे? हाड ओलं राहिलं किंवा सिमेंटखाली रक्त साचलं तर टोपी पंधरा-वीस दिवसांत सैल होते, आणि मिरगीचा अभ्यास तर महिनोन्‌महिने चालतो. स्क्रू खोल गेला तर खाली जखम होते आणि ती जखमच मेंदूच्या आलेखावर टोकदार लाटा उठवते. म्हणजे जो आजार शोधायचा तो स्क्रूनेच निर्माण केला! उंदीर दाणा कुरतडतो तेव्हा आलेखावर अशा लयबद्ध टोकदार लाटा येतात की नवख्याला तो झटकाच वाटतो. व्हिडिओ आणि स्नायूचा आलेख शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये. भिंतीतल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण अर्थिंग नीट नसेल तर सगळ्यावर पसरते. आणि सर्वांत घातक चूक संगणकाकडून होते. झटक्यानंतर मेंदू काही वेळ संथ, उंच लाटा देतो. निरोगी उंदरांवर घडवलेलं सॉफ्टवेअर त्याला गाढ झोप म्हणून मोजतं. मग "झटक्यांनंतर गाढ झोप वाढते" असा निष्कर्ष छापला जातो, जो निव्वळ मोजणीतला दोष असू शकतो. मिरगीच्या प्राण्यांची झोप माणसाने डोळ्यांखालून घातलीच पाहिजे, निदान नमुन्यादाखल तरी.

नागपुरात या कामाला हवामानाची एक जादा अडचण आहे. प्राण्यांच्या खोलीत बारा तास उजेड, बारा तास अंधार आणि साधारण 22 अंश तापमान ठेवायचं असतं. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना दुपारी एसी तीन तास बंद पडला तर खोली बघता बघता 32 वर जाते. उंदीर आडवा पसरून पडतो, त्याची झोप तुटते किंवा तिचं प्रमाण बदलतं, आणि शरीराचं तापमान फार चढलं तर तेवढ्यानेच झटका येऊ शकतो. लहान पिलांत तर तापाचे झटके अभ्यासण्यासाठी मुद्दाम गरम हवाच वापरतात. लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतचा अंधार, किंवा मध्यरात्री कुणीतरी दार उघडून लावलेली ट्यूब, दोन्ही उंदराचं आतलं घड्याळ सरकवू शकतात. म्हणून दिव्यांचा टायमर इन्व्हर्टरवर असावा आणि खोलीत दर काही मिनिटांनी तापमान टिपणारं यंत्र असावं. त्या यंत्राची नोंद ईईजीच्या नोंदीइतकीच जपावी. भारतात असं काम संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. यामागे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि 1998 चे नियम आहेत. किती प्राणी, किती वेदना, प्रयोग कुठे थांबवायचा, हे आधी लिहून द्यावं लागतं, आणि ते तसंच हवं.

मांजरांनी काय दाखवलं

1967 मध्ये ग्रॅहम गोडार्ड यांना शिकण्याचा अभ्यास करताना एक विलक्षण गोष्ट दिसली. रॅटच्या अमिग्डालाला रोज एकदा अगदी सौम्य वीज दिली तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही. पण तेवढीच वीज रोज देत राहिलं की काही दिवसांनी चेहरा फडफडतो, मग मान हलते, मग पुढचे पाय, आणि शेवटी उंदीर मागच्या पायांवर उभा राहून कोसळतो. याला किंडलिंग म्हणतात. या पायऱ्यांची 1 ते 5 अशी मोजपट्टी रोनाल्ड रेसिन यांनी 1972 मध्ये बसवून दिली; ती आजही रोज वापरात आहे. किंडलिंगचं मोल असं की झटका कधी येणार ते संशोधकाच्या हाती राहतं. नॉन-रेममध्ये वीज दिली तर किती लागते, रेममध्ये किती, हे थेट तोलून बघता येतं.

मांजरांत हे तोलून पाहिलं गेलं. नॉन-रेममध्ये थोड्या विजेने झटका पेटतो, नॉन-रेमकडून रेमकडे जातानाचा सांधाही नाजूक असतो, आणि रेममध्ये मेंदू सर्वांत हट्टी, झटका पेटतच नाही म्हणण्याइतका. पण का? रेममध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. मेंदूची लय विस्कटलेली असते, आणि मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूच्या तळाशी मणक्याकडे जाणाऱ्या देठातून, येणाऱ्या आज्ञेमुळे शरीराचे स्नायू लुळे पडलेले असतात. यातलं संरक्षण नेमकं कोण देतं?

मार्गारेट शाऊस आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये ही गाठ सोडवली. तो प्रयोग जवळून बघण्यासारखा आहे. काही मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातल्या पॉन्स या भागात त्यांनी छोटी इजा केली. अशा मांजरांना रेम झोप येते, पण स्नायू लुळे पडत नाहीत. दुसरीकडे अॅट्रोपिन दिलं. हे औषध अॅसिटिलकोलिन या रसायनाचा मार्ग अडवतं, त्यामुळे रेम चालू असतानाही आलेखावर संथ एकलयी लाटा परततात, स्नायू मात्र लुळेच राहतात. म्हणजे दोन गोष्टी सुट्या झाल्या. निकालही दोन निघाले. लुळेपण काढून घेतलं तेव्हा झटक्याचे हातापायांचे आविष्कार रेममध्ये दिसू लागले. विस्कटलेली लय काढून घेतली तेव्हा मेंदूतला विजेचा लोळ पसरू लागला. रेमला दोन कुलुपं आहेत : मेंदूत पसरण्यावर एक आणि शरीरात दिसण्यावर दुसरं. मिरगीच्या संशोधनात इतका स्वच्छ मांडलेला प्रयोग क्वचितच सापडतो.

लहान मुलांत एक वेगळाच प्रकार आढळतो. मूल वर्गात बोलता बोलता पाच-दहा सेकंद शून्यात बघतं आणि पुन्हा बोलू लागतं. शिक्षकांना वाटतं लक्ष नाही. हे अॅबसेन्स झटके. ईईजीवर सेकंदाला 3 अशा काट्यासारख्या टोकदार आणि मागोमाग गोल लाटांची जोडी दिसते. 1969 मध्ये प्रिन्स आणि फॅरेल यांनी दाखवलं की मांजराला मोठ्या मात्रेत पेनिसिलिन टोचलं तर अशाच लाटा निघतात. माँट्रियलच्या पिएर ग्लूर यांनी त्यावरून मांडणी केली की हलक्या झोपेत थॅलॅमस (मेंदूच्या मध्यभागातलं संदेशांचं केंद्र) आणि मेंदूचा पृष्ठभाग मिळून ज्या स्पिंडल लाटा (क्षणभर उठून विरणारे लाटांचे झुबके) तयार करतात, त्याच यंत्रणेवर हे झटके स्वार होतात. नेदरलँड्समध्ये जोपासलेल्या डब्ल्यूएजी-रिज जातीच्या रॅटमध्ये असे झटके आपोआप, दिवसाला शेकड्यांनी येतात. त्यांची लय सेकंदाला 7 ते 11. उंदीर चपळपणे फिरत असेल तर कमी, रेममध्ये कमी, आणि पेंगुळलेला असेल किंवा हलक्या झोपेत शिरत असेल तेव्हा सर्वांत जास्त. 2002 मध्ये त्याच जातीत असंही दिसलं की झटक्याची सुरुवात थॅलॅमसमध्ये होत नाही. मेंदूच्या पृष्ठभागावर तोंड आणि मिशांच्या संवेदना जिथे पोचतात तिथे ती होते, आणि मग थॅलॅमस साथ धरतो. ग्लूर यांची मूळ मांडणी त्यामुळे जशीच्या तशी आज कुणी मानत नाही, पण झोपेची आणि झटक्याची यंत्रणा बरीचशी सामायिक आहे हा तिचा गाभा टिकून आहे. अॅबसेन्ससाठी दिलं जाणारं इथोसक्सिमाइड थॅलॅमसमधल्या ज्या कॅल्शियम मार्गांवर काम करतं, ते झोपेच्या लयीसाठीही लागतात.

जागरण : पाण्यातली कुंडी

जागरणाचा परिणाम तपासायचा तर उंदराला जागं ठेवायला हवं, आणि ते दिसतं त्यापेक्षा कठीण आहे. जुनी युक्ती अशी : टाकीत पाणी, मध्ये उपड्या कुंडीएवढा चबुतरा, रॅटसाठी साधारण साडेसहा सेंटिमीटर व्यासाचा, पाण्याच्या जेमतेम वर. उंदीर त्यावर बसून नॉन-रेम झोप घेऊ शकतो. रेम लागली की मान लुळी पडते, नाक पाण्याला लागतं आणि तो जागा होतो. 1965 मध्ये हॅरी कोहेन आणि विल्यम डिमेंट यांनी याच प्रकारे रॅटची रेम झोप काढून घेतली, तेव्हा झटका आणण्यासाठी लागणारी वीज कमी झाली. मेंदू झटक्यासाठी हळवा झाला होता.

पण उंदीर त्या चबुतऱ्यावर एकटा, ओला आणि घाबरलेलाही असतो. ताणाचं हार्मोन चढतं. झटके वाढले ते झोप गेली म्हणून की भीतीमुळे? म्हणून त्याच टाकीत मोठ्या चबुतऱ्यावर, जिथे आडवं होता येतं, दुसरे उंदीर ठेवून तुलना करतात. तरी शंका पुरती फिटत नाही, कारण मोठ्या चबुतऱ्यावरही झोप थोडी तुटतेच. हल्ली सौम्य पद्धत पसंत करतात : दिवे लागल्यापासून सहा तास माणूस शेजारी बसतो, उंदीर पेंगू लागला की पिंजऱ्यात कागदाचा बोळा, लाकडाचा ठोकळा, नवं काहीतरी टाकतो, अगदीच झोपला तर ब्रशने हलकेच स्पर्श. यात ताण कमी, पण सहा-आठ तासांपलीकडे हे जमत नाही, आणि बसलेल्या माणसालाच झोप लागली तर नोंद वाया. कुठलाही जागरणाचा शोधनिबंध वाचताना झोप कशी हिरावली हे आधी शोधावं, निष्कर्ष नंतर.

इथे सुरुवातीचा पेच सुटू लागतो. जागरणानंतर झोपेचा दाब साठतो आणि पुढची नॉन-रेम झोप नेहमीपेक्षा खोल, जास्त उंच लाटांची होते. म्हणजे एकलयीपणा वाढतो. शिवाय 2011 मध्ये व्यझोव्स्की, टोनोनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फार वेळ जागं ठेवलेल्या रॅटच्या मेंदूत, उंदीर डोळे उघडे ठेवून हिंडत असतानाच, चेतापेशींचे काही गट क्षणभर झोपेतल्यासारखे गप्प होतात. जाग आणि झोप यांच्यातली भिंत झिजते. तो प्रयोग मिरगीवर नव्हता, पण झटक्यांना असले झिजलेले सांधेच आवडतात हे लक्षात घेतलं की दोन्ही गोष्टी जवळ येतात.

आणि घड्याळाचं काय? व्हर्जिनियातल्या मार्क क्विग आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हिप्पोकॅम्पसच्या भागातून झटके येणारे रॅट आणि त्याच प्रकारची मिरगी असलेली माणसं यांच्या झटक्यांच्या वेळा मांडल्या. रॅट दुपारी झोपलेले असतात, माणसं जागी. तरी दोघांत झटक्यांची गर्दी दुपारीच दिसली. पुढे रॅटना कायम अंधारात ठेवलं, तेव्हाही झटके त्यांच्या आतल्या घड्याळाच्या "दिवसा"ला चिकटून राहिले. म्हणजे झोप-जागेशिवाय मेंदूतलं चोवीस तासांचं घड्याळ स्वतंत्रपणे आपला हात घालतं. म्हणून सकाळी दहाला एका गटाला आणि दुपारी चारला दुसऱ्या गटाला औषध देऊन केलेली तुलना ही तुलनाच नव्हे.

उलट दिशेने

झोप झटक्यांना घडवते तशी झटके झोपेला मोडतात. जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं. तेच आपल्याला पेंग आणतं आणि तेच झटक्यांना लगामही घालतं. झटका संपताना ते मोठ्या प्रमाणात सुटतं, झटक्यानंतर माणूस मेल्यासारखा झोपतो त्यामागे तेही असावं. मात्र दीर्घकाळ मिरगी असलेल्या प्राण्यांच्या मेंदूत त्याचा नाश करणारं अॅडिनोसिन कायनेज हे एन्झाइम वाढलेलं आढळतं, म्हणजे लगाम सैल. चहा-कॉफीतलं कॅफीन याच अॅडिनोसिनच्या जागा अडवतं. जागरण करून वर कपावर कप चहा घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

स्मरणशक्तीची तक्रार तर मिरगीच्या घरोघरी असते आणि तिचं खापर सहसा गोळ्यांवर फुटतं. 2016 मध्ये गेलिनास, खोदाघोली आणि बुझाकी यांनी रॅटमध्ये एक वेगळं कारण उघड केलं. दोन झटक्यांच्या मधल्या काळात, बाहेरून सगळं शांत असताना, हिप्पोकॅम्पसमध्ये क्षणभराच्या टोकदार लाटा उठतात. नॉन-रेममध्ये या लाटा मेंदूच्या पुढच्या भागात अवेळी स्पिंडल उठवतात. एरवी हाच संवाद दिवसभराची आठवण पक्की करतो; इथे त्यावर निरर्थक संदेश जातो. ही गुंफण जितकी घट्ट, तितकी उंदराची आठवण कच्ची.

सर्वांत गंभीर विषय म्हणजे मिरगीतला अचानक मृत्यू. 2013 च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत देखरेख कक्षात घडलेल्या अशा 16 मृत्यूंपैकी 14 रात्रीचे होते. मोठ्या झटक्यानंतर श्वास थांबतो आणि मग हृदय. डीबीए-1 जातीच्या माऊसला मोठ्या घंटेचा आवाज ऐकवला की झटका येतो आणि मागोमाग श्वास थांबतो. छोट्या पंपाने लगेच हवा दिली तर तो वाचतो. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढवणारं फ्लुओक्सेटिन हे औषध आधी दिलं तर श्वास थांबणं टळतं, आणि तेही झटका थांबवणाऱ्या मात्रेपेक्षा कमी मात्रेत. सेरोटोनिनच्या चेतापेशी जागेपणी कामावर असतात, नॉन-रेममध्ये मंदावतात आणि रेममध्ये जवळपास गप्प होतात. रात्रच का धोक्याची, याचा एक धागा इथे सापडतो. माणसांना त्यासाठी हे औषध द्यावं असा याचा अर्थ अजून निघत नाही.

पाळलेल्या कुत्र्यांनाही मिरगी होते आणि झटके बहुतेकदा ते निवांत पडलेले किंवा झोपलेले असतानाच येतात. नागपुरात पशुवैद्यकाकडे येणारा नेहमीचा प्रश्न : कुत्रा झोपेत पाय मारतो, हे स्वप्न की झटका? स्वप्नातल्या हालचाली तुटक आणि मऊ असतात, आणि नावाने हाक मारली की तो जागा होऊन ओळख दाखवतो. झटक्यात पाय ताठरतात किंवा जोरात एका लयीत हलतात, लाळ गळते, लघवी होऊ शकते, हाकेने थांबत नाही, आणि नंतर काही वेळ तो भांबावलेला राहतो. मोबाइलवर व्हिडिओ घेऊन दाखवावा. सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. हात तोंडाजवळ नेऊ नये.

माणसाच्या बाबतीतही घरच्यांची नोंद हीच सर्वांत स्वस्त आणि मोलाची तपासणी आहे. वहीत चार रकाने पुरतात : झटक्याची वेळ, त्याआधी शेवटचं झोपलेलं आणि उठलेलं, चुकलेली गोळी, आणि झटका कसा दिसला. लग्नाच्या मोसमात, नवरात्रात, परीक्षेच्या दिवसांत आणि उकाड्यात लाइट गेलेल्या रात्रींनंतर काय होतं, ते महिन्या-दोन महिन्यांत आपोआप दिसतं. ईईजीसाठी जागरण सांगितलं असेल तर डोक्याला तेल न लावता केस धुऊन जावं, गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, आणि त्या दिवशी रुग्णाने गाडी चालवू नये. झटका आला तर कांदा, चप्पल, चमचा काही नको. कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काही द्यावं, घड्याळ बघावं, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर 108 ला फोन करावा.

वेळेचा रकाना औषधही ठरवतो. रात्रीतून अनेकदा हातपाय झाडत, ओरडत उठणारा माणूस भूतबाधेचा नसून झोपेतल्या फ्रंटल, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातून उठणाऱ्या, मिरगीचा असू शकतो. अशा एका आनुवंशिक प्रकाराचं जनुक 1995 मध्येच सापडलं आहे. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला उठल्यानंतरच्या तासाभरात, विशेषतः जागरणानंतर, हाताला दचके बसत असतील, हातातून ब्रश किंवा चहाचा कप उडत असेल, तर ती किशोरवयीन मायोक्लोनिक मिरगी असण्याची शक्यता मोठी. या प्रकारात कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही एरवी उपयोगी औषधं दचके वाढवू शकतात. डॉक्टर मोठ्या झटक्याबद्दल विचारतात, सकाळच्या कपाबद्दल घरचे सांगत नाहीत, कारण तो त्यांना धांदरटपणा वाटतो. तो न विचारता सांगावा.